दादरच्या दवाखान्याचं पार्टिशन आणि कट-आउट मशीन : प्रकल्प नोंदी

२ जून

दादर पश्चिम, जुनी इमारत, पहिला मजला. शेजारशेजारच्या दोन खोल्या मधली भिंत पाडून कुणीतरी कधीकाळी एक करून ठेवल्यात. आता तिथे दातांचा दवाखाना येतोय. आमचं काम म्हणजे वेटिंग आणि ट्रीटमेंट रूममधलं जिप्समचं लांब पार्टिशन, सिंकच्या मागचं एक छोटं पार्टिशन आणि वेटिंगवरचं फॉल्स सीलिंग. एक्स-रेची जागा विटांच्या कोपऱ्यात आहे, तिचे नियम वेगळे आणि माणसंही वेगळी. तिला आपण हात लावायचा नाही, हे मिस्त्रीला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं.

सोसायटीची नोटीस जिन्यातच चिकटवलेली: काम दहा ते सहा, दोन ते चार आवाज बंद. तळमजल्यावरच्या आजींनी वर येऊन तीच नोटीस तोंडी वाचून दाखवली. वर त्यांची स्वतःची एक अट, जिन्यात पांढरी पावलं उमटता कामा नयेत.

बोर्ड १२.५ मिमीचे, सिंकमागे ओलावा सोसणारे हिरवे. स्टड (बोर्ड ज्यांवर बसतात ते पत्र्याचे उभे खांब) ६१० मिमी अंतरावर. दोन बोर्डांच्या मध्ये रॉकवूल (आवाज अडवणारी दगडी लोकर) भरायचं, कारण डॉक्टरांची पहिली मागणीच ती होती: "आतला ड्रिलचा आवाज बाहेर बसलेल्या पेशंटला ऐकू आला, तर निम्मे उठून घरी जातील."

४ जून

वायरमन काकांबरोबर स्विच-सॉकेटच्या बॉक्सच्या जागा ठरवल्या. खुर्चीकडच्या बाजूला पॉवर, नेटवर्क, टेबललॅम्प, बेल. वेटिंगकडच्या बाजूला टीव्ही, पंखा, दिव्यांचे स्विच. नकाशावर तीन ठिकाणी दोन्ही बाजूंचे बॉक्स पाठीला पाठ लावून बसत होते. ते हलवले. एकाच पोकळीत समोरासमोर दोन भोकं पडली की त्यातून आवाज आरपार जातो, मग रॉकवूल कितीही भरा. आता मध्ये किमान एक स्टड येतो. काकांना वायर थोडी जास्त लागेल. ते कुरकुरले, पण पटलं.

बॉक्स सगळे लोखंडी घ्या म्हटलं होतं. आलेल्या मालात काही पीव्हीसीचे निघाले. ते परत न पाठवता सीलिंगच्या जंक्शनला वापरायचे ठरले. भिंतीत लोखंडीच. कारण पुढे येईल.

५ जून

कट-आउट मशीन, म्हणजे बोर्डात भोकं कापायचं यंत्र, आलं. नागदेवीच्या दुकानातून, १८ व्होल्टचं, दोन बॅटऱ्या आणि चार्जरसह. मिस्त्रीने हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, हे ट्रिमरच ना?" दिसायला तसंच आहे. पण ट्रिमर लाकडाच्या कडेवर चालतो आणि त्याचं बिट (फिरणारं, कापणारं पातं) डोळ्यांसमोर असतं. याचं बिट बोर्डाच्या मागे, न दिसणाऱ्या जागेत फिरतं. फरक तेवढाच आहे आणि तोच महत्त्वाचा आहे.

आतापर्यंत आमची पद्धत साधी होती. बॉक्सचं माप घ्यायचं, ते बोर्डावर उतरवायचं, आरीने चौकोन कापायचा, मग बोर्ड उचलून लावायचा. एक-दोन बॉक्स असतील तर आजही मी तेच करीन. पण एका बोर्डात चार बॉक्स आले की माप कुठेतरी पाच मिमीने सरकतं आणि भोक प्लेटच्या बाहेर डोकावतं. मग पुट्टी भरा, घासा, पुन्हा भरा. या मशीनने बोर्ड आधी लावायचा आणि आतल्या बॉक्सच्या कडेलाच टेकून बाहेरून कापायचं. मापाची भानगडच उरत नाही.

पुस्तिकेतला वेग मिनिटाला सुमारे ३०,००० फेरे. आपला बॅटरीचा ड्रिल फार तर दोन हजारांच्या आसपास, चार इंची ग्राइंडर अकरा हजारांच्या आसपास. डॉक्टर योगायोगाने साइटवर आल्या होत्या, त्यांनी शांतपणे सांगितलं की त्यांच्या दातांच्या ड्रिलची हवेवर चालणारी टर्बाइन तीन-चार लाख फेरे घेते. मिस्त्री त्यानंतर बराच वेळ त्यांच्याकडे आदराने बघत होता.

मुद्दा आकड्याचा नाही, तो आकडा कशाला लावायचा याचा आहे. ३.१८ मिमीच्या बिटाच्या धारेचा वेग यावर सेकंदाला सुमारे ५ मीटर होतो. आता याच मशीनला कुणी ६५ मिमीचा होल-सॉ (गोल भोक पाडायची दातेरी नळी) अडकवला, तर धार सेकंदाला १०० मीटरच्या पुढे जाते. होल-सॉ त्यासाठी बनलेलाच नसतो, दात उडतात. म्हणून पेटीत फक्त याचीच बिटं ठेवायची, ड्रिलचं काहीही त्यात टाकायचं नाही. झाकणाच्या आत मार्करने तसं लिहिलं.

७ जून

पहिल्या बाजूचे बोर्ड उभे राहिले. ही सोपी बाजू. मागचं सगळं उघडं असल्यामुळे भोकं आरीने पाडली तरी चालतात. तरीही मशीनची सवय इथेच करून घ्यायची ठरवलं, तीही आधी वाया गेलेल्या तुकड्यावर. तुकड्यामागे एक रिकामा लोखंडी बॉक्स स्क्रूने अडकवून उभा केला.

बिट लावण्याची रीत सगळ्यांसमोर करून दाखवली. बॅटरी काढून बाजूला ठेवायची. मशीनमध्ये असताना "फक्त स्विच बंद आहे" हे पुरेसं नाही, कारण सरकता स्विच कोपराने सरकतो. शाफ्टचं लॉक दाबून पान्याने नट सैल करायचा, बिट आत पूर्ण टेकवायचं आणि मग मिलिमीटर-दोन मिलिमीटर मागे घ्यायचं, मग आवळायचं. तळाला टेकलेलं बिट कॉलेटला (बिट धरणाऱ्या चिमट्याला) नीट पकडू देत नाही. आणि बिट नसताना नट कधीही आवळायचा नाही. रिकाम्या कॉलेटच्या पाकळ्या आत दबतात, मग पुढचं बिट सरळ बसत नाही. दिवस संपला की हाताला सवयीने नट आवळावासा वाटतो, नेमकं तेच टाळायचं.

खोली: बोर्ड १२.५ मिमी, त्यापुढे बिट साधारण तीन मिमी बाहेर. म्हणजे पायाच्या प्लेटपासून १५-१६ मिमी. "थोडं जास्त ठेवू, सेफ राहील" असं हेल्पर म्हणाला. उलट आहे. जास्त बाहेर आलेलं बिट बॉक्सच्या तळातल्या वायरींपर्यंत पोचतं, रॉकवूल असेल तर ते गुंडाळून घेतं आणि स्वतः वाकतं. खोली मोजपट्टीने मोजायची, नजरेने नाही.

बिटाचं टोक हातात देऊन दाखवलं. टोकाचे काही मिलिमीटर गुळगुळीत असतात, तिथे धार नसते. हे टोक बॉक्सच्या पत्र्याला घासत पुढे जातं आणि वरची धार बोर्ड कापते. म्हणूनच लोखंडी बॉक्स. पीव्हीसीवर तेच टोक घर्षणाने तापून प्लास्टिक वितळवतं. जरा दाबलं की बिट बॉक्सच्या भिंतीतच घुसतं आणि आपण मजेत बॉक्सच कापत पुढे जातो.

आता दिशा. इथे सगळे अडले. मागून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं. पुढे ढकललं की त्याची पुढची धार जिप्समला उजवीकडे रेटते, त्यामुळे बिट स्वतः डावीकडे सरकू बघतं. मग आपल्याला जो आधार धरून जायचंय तो डाव्या हाताला असला पाहिजे. बॉक्सच्या बाहेरून फिरताना घड्याळाच्या उलट. गोल कडीच्या आतून फिरायचं असेल तर घड्याळाप्रमाणे. दोन्ही वेळी आधार डावीकडेच येतो. उलट फिरलं तर मशीन आधार सोडून बोर्डात भटकतं. "डावा हात भिंतीला" एवढंच हेल्परने लक्षात ठेवलं, तेवढं बास.

त्याने पहिला चौकोन कापला तो बऱ्यापैकी आला. कोपऱ्यावर घाई केली तिथे बिट उसळलं. कोपऱ्यावर थांबायचं नाही, पण वेगही धरायचा नाही.

१० जून

आज कापायचं होतं. एकही भोक पाडलं नाही.

सकाळी काकांनी खालच्या मीटरखोलीत जाऊन मेन बंद केला, वर येऊन दिवा लावून पाहिला, अंधार. "झालं," म्हणाले. आमचा नियम असा की बोर्डामागे जाणाऱ्या प्रत्येक बॉक्समध्ये वायर तपासायची, खोलीचा दिवा बघून चालत नाही. आणि नुसत्या निऑन टेस्टरवर विसंबायचं नाही. आधी चालू असलेल्या पॉइंटवर मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावून तो चालतोय याची खात्री, मग बॉक्समध्ये फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ असं तिन्ही, मग पुन्हा चालू पॉइंटवर. चालू पॉइंट कुठला? बाहेर जिन्यातला सोसायटीचा.

खुर्चीकडचे सगळे बॉक्स मेलेले. टीव्हीच्या बॉक्समध्ये मल्टीमीटरने २३० व्होल्टच्या आसपास दाखवलं.

काका आधी मीटरवरच चिडले. दुसरा आणला, त्यातही तेच. मग खाली जाऊन मीटरखोलीत बघितलं तेव्हा उलगडलं. या जागेला बेस्टचे दोन वीजमीटर आहेत, दोन खोल्यांचे दोन. भिंत पाडली, मीटर तसेच राहिले. टीव्हीची लाइन जुन्या दुसऱ्या खोलीच्या बोर्डावरून ओढलेली, आणि त्या मीटरचा मेन खोलीच्या दुसऱ्या टोकाला कपाटामागे. कपाट सरकवायला तिघं लागले.

यात काकांची चूक काढण्यासारखं काही नाही. दादर-गिरगाव-परळमधल्या जुन्या इमारतींत खोल्या जोडल्या जातात, वायरिंग जोडलं जात नाही. नकाशावर एक घर दिसतं, विजेच्या दृष्टीने ती दोन घरंच असतात. उद्या दवाखान्याला यूपीएस लागेल तेव्हा तिसरा उगम येईल, आणि तो मेन बंद केल्यावरच जागा होणारा. म्हणून यादी केली: कुठला बॉक्स, कुठल्या मीटरचा, कुठल्या एमसीबीवर (आपोआप पडणाऱ्या स्विचवर). दोन्ही मेनवर पाटी लावली, "माणूस काम करतो आहे, चालू करू नये", आणि किल्ल्या काकांच्या खिशात. मशीन बॅटरीचं आहे, त्यामुळे सगळी वीज बंद ठेवूनही ते चालतं. बिनवायरीच्या मशीनचा हा खरा फायदा. वायरवालं असतं तर त्याच्यासाठी कुठलातरी पॉइंट चालू ठेवावाच लागला असता, आणि चालू ठेवलेला पॉइंट नेमका कशाला जोडलाय हे आज आपल्याला कळलंच आहे.

कामासाठी उजेड बॅटरीच्या दिव्याचा.

११ जून

रॉकवूल भरलं. बॉक्सच्या तोंडाजवळ ते मागे दाबून ठेवलं. प्रत्येक बॉक्समधल्या वायरी गुंडाळी करून तळाला दाबल्या, टोकांना टेप, वर पुठ्ठ्याचा तुकडा. आज फोटो काढून ठेवले, मोजपट्टी फ्रेममध्ये धरून, प्रत्येक भिंतीचे. बोर्ड लागल्यावर पाइप कुठून गेलाय हे विचारायला आपण एकमेकांचीच तोंडं बघतो. खुर्चीला जाणारे हवेचे आणि पाण्याचे पाइप जमिनीलगत आहेत. सगळ्यात खालच्या बॉक्सपासून फार लांब नाहीत. त्या दोन बॉक्सवर मशीन चालवायचं नाही, आरीनेच, हे भिंतीवर खडूने लिहिलं.

१२ जून

दुसऱ्या बाजूचे बोर्ड. बॉक्सचं तोंड स्टडच्या थोडं पुढे आलेलं असल्यामुळे बोर्ड तिथे फुगतो. म्हणून बॉक्सच्या आसपासचे स्क्रू आधी लावायचे नाहीत. कडेचे दोन-चार लावून बोर्ड टांगलेला ठेवायचा, कापून झालं की बोर्ड बॉक्सवर बसतो, मग बाकीचे स्क्रू. मिस्त्रीला सवयीने सगळे स्क्रू मारून मोकळं व्हायचं होतं. एक बोर्ड त्याने तसा आवळला आणि बॉक्सच्या कोपऱ्यापासून तडा गेला. बोर्ड बदलला. त्याला ओरडायची गरज पडली नाही.

बोर्ड उचलण्याआधी प्रत्येक बॉक्सच्या मध्याचं माप जमिनीपासून आणि बाजूच्या भिंतीपासून लिहून ठेवलं होतं. बोर्डावर फुली. फुलीत बिट तिरकं, साधारण ४५ अंशांत धरून मशीन चालू करायचं, पूर्ण वेग आला की हळूहळू उभं करत आत न्यायचं. मग सरळ एका बाजूला, बॉक्सची भिंत लागेपर्यंत. लागली की हाताला कळतं, आवाजही बदलतो. तिथे मशीन किंचित उचलायचं, टोक कडेवरून बाहेर घ्यायचं आणि डावीकडे आधार ठेवून फेरी. सुरुवातीच्या जागी आल्यावर स्विच बंद, बिट थांबेपर्यंत बाहेर काढायचं नाही. बंद केल्यावरही ते थोडा वेळ फिरत राहतं, आणि लोकांच्या मांड्या त्याच वेळी कापतात.

दोन्ही हात मशीनवर. गळ्यातला गमछा काढून ठेवलेला. हेल्परच्या मनगटाला जत्रेतला जाड दोरा होता, तो सोडायला तयार नव्हता. टेप गुंडाळून बाहीखाली घातला. देवाचा मान राहिला आणि बिटाचाही.

पाच वाजेपर्यंत खुर्चीकडची भिंत झाली. प्लेटा लावून पाहिल्या, कडेला कुठेही फट नाही. बॉक्सभोवती उरलेली बारीक फट अकूस्टिक सीलंटने बंद करायची आहे. ती बंद करणं आवाजासाठी लागतंच, आगीसाठीही लागतं. जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा त्यात बांधलेलं पाणी असतं, आगीत ते वाफ होऊन निघेपर्यंत भिंत तग धरते. मोठी भोकं ठेवून त्या गुणाचं काही उरत नाही.

१३ जून

धूळ. कालच्या दिवसानंतर त्यावर बसावंच लागलं.

चाकूने बोर्ड कापला की धूळ जवळजवळ होत नाही. हे मशीन मात्र पीठ करतं, बारीक, हलकं, सगळीकडे जाणारं. जिप्समची धूळ डोळे-घसा चुरचुरवते. जॉइंटिंग कंपाउंड (बोर्डांच्या सांध्यांत भरायची पुट्टी) घासताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असू शकते, ती जास्त वाईट. कापडी रुमाल कामाचा नाही. आयएस ९४७३ या भारतीय मानकाचा छाप असलेला, बारीक धूळ गाळणारा एफएफपी२ मास्क, नाकावर पट्टी दाबून. दाढीवाल्या मिस्त्रीच्या मास्कमधून हवा बाजूने आत येत होती. दाढी काढायला मी सांगणार नव्हते, त्याने स्वतःच ट्रिम केली, बायकोने आधीपासून सांगितलं होतं म्हणे. डोळ्यांना चष्मा नाही, बंद गॉगल. कानांना प्लग. याचा आवाज किणकिणता आणि बंद खोलीत फार लागणारा आहे.

सोय अशी केली: हेल्पर बाजूला उभा राहून व्हॅक्यूमचं नळकांडं बिटापासून वीतभर अंतरावर धरतो. व्हॅक्यूमला बारीक धुळीचा फिल्टर हवा. घरगुती व्हॅक्यूम पुढून ओढतो आणि मागून तीच धूळ खोलीत सोडतो. वीज बंद असताना तो चालणार कशावर, हा प्रश्न आला. जिन्यातल्या सोसायटीच्या पॉइंटवरून घेतला, सेक्रेटरींची परवानगी घेऊन आणि आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावलेल्या एक्स्टेंशनने. वायर दाराबाहेरूनच, भिंतीच्या कामापासून लांब.

दाराला प्लास्टिक, उंबऱ्याबाहेर ओलं गोणपाट. आजींनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत. या इमारतीत ते प्रशस्तिपत्रक आहे.

आणि एक सक्त नियम: धूळ किंवा कंपाउंडची भांडी न्हाणीत धुवायची नाहीत. सगळं खाली जाऊन पाइपात बसतं आणि जिथे वळण आहे तिथे घट्ट होतं. मग खालच्या मजल्यावरून जी भाषा ऐकावी लागते ती या नोंदीत लिहिता येणार नाही.

१८ जून

पाऊस. खिडक्या बंद, दमटपणा भिंतींना हात लावला तरी कळतो. उरलेले बोर्ड जमिनीवर नकोत. लाकडी पट्ट्यांवर आडवे, वर प्लास्टिक, पण बाजू मोकळ्या. उभे टेकवून ठेवलेले दोन बोर्ड वाकले होते, ते परत आडवे घालून वर वजन ठेवलं, एक सरळ झाला.

मशीनसाठीही हा ऋतू वाईट. हवेच्या जाळीत बसलेली जिप्समची धूळ ओल खाते आणि घट्ट होते. मोटार थंड व्हायला हवा मिळत नाही, मग ती तापते आणि आपण म्हणतो बॅटरी लवकर उतरते. रोज संध्याकाळी बॅटरी काढून मऊ ब्रशने जाळी साफ. दर काही दिवसांनी ब्लोअर, पण बाहेर गॅलरीत आणि गॉगल लावून. ओलं फडकं, थिनर, पेट्रोल काहीही प्लास्टिकला लावायचं नाही. प्लास्टिक तडकतं, ते लगेच दिसत नाही.

स्विचही तपासला. धूळ आत गेली की तो अडकून बसतो, बंद केला तरी पूर्ण मागे येत नाही. बॅटरी लावण्याआधी तो दोन-तीनदा मागे-पुढे करून बघायचा ही सवय सगळ्यांनी लावून घ्या.

बॅटऱ्या: काम संपल्यावर गरम असतानाच चार्जरवर टाकायच्या नाहीत. आमच्या चार्जरच्या पुस्तिकेत १० ते ४० अंश दिलंय. मुंबईत थंडीचा प्रश्न नाही, टेम्पोच्या बंद केबिनचा आहे. दुपारी टेम्पोत ठेवलेली बॅटरी हाताला चटका देते. दुसरं, बिटं आणि बॅटऱ्या एकाच पिशवीत सुट्या टाकायच्या नाहीत. टोकं जुळली की शॉर्ट. टोपी लावूनच. रात्री साइटवर चार्जिंग ठेवून जायचं नाही. आधीच मेन बंद असतो म्हणा.

२१ जून

वेटिंगच्या बाजूला बिट तुटलं. टोकाचा तुकडा बोर्डात राहिला, कुणाला लागलं नाही. हेल्पर जोर लावून ढकलत होता हे खरं, पण मूळ कारण तुटलेल्या तुकड्यावर दिसलं. धारेच्या मधल्या भागात तपकिरी डाग, म्हणजे बिट जळलेलं, बोथट झालेलं. बोथट बिट कापत नाही म्हणून माणूस दाबतो, दाबल्यावर ते अजून तापतं. कागद जळल्याचा वास आला की बिट बदलायचं, तुटायची वाट बघायची नाही. बिटं स्वस्त आहेत, डोळा नाही.

कॉलेट उघडून पाहिलं तर आत जिप्समचा थर. त्यामुळे पकड एका बाजूने. कोरड्या ब्रशने साफ केलं. तेल लावायचं नाही, तेलात धूळ चिकटून लेप होतो आणि बिट घसरतं.

तुटलं त्या जागी बॉक्सच्या शेजारीच स्टड होता. हे बिट जिप्समचं आहे, जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याच्या) स्टडला लागलं की धार गेलीच. स्टड कुठे आहे ते लोहचुंबकाने बघून पेन्सिलीची रेघ मारायची, आणि बॉक्स व स्टडमध्ये जागा फारच कमी असेल तर त्या बाजूने आरी. मशीन घेतलंय म्हणून सगळीकडे तेच चालवायचं असं नाही.

२६ जून

सीलिंग. दिव्यांची भोकं गोल, मागे आधाराला काही नाही. इथे कट-आउट मशीनला काम नाही असं माझं मत. ड्रिलला होल-सॉ, धूळ झेलायला खाली वाटी. मिस्त्रीचं मत वेगळं, त्याला आता हे मशीन आवडायला लागलंय. त्याने एक गोल कंपासच्या जोडणीने कापून दाखवला, चांगला आला, पण सगळी धूळ त्याच्या कॉलरमध्ये. बाकीचे होल-सॉने झाले.

भोकाचं माप दिव्याच्या खोक्यावर छापलेलंच घ्यायचं, दिव्याच्या बाहेरच्या व्यासाचं नाही. हे लोहार चाळीतला दुकानदारही दर वेळी बजावतो.

घोड्यावर (कामाच्या मचाणावर) उभं राहून काम करताना मशीन खांद्याच्या वर न्यायचं नाही. घोडा हवा तेवढा उंच करा.

३० जून

जॉइंटिंग, टेप, घासणं. मशीनचं काम नाही. वायरमन काकांनी दोन्ही मीटरच्या लाइन वेगवेगळ्या रंगाच्या पट्ट्यांनी नोंदवल्या, नव्या बोर्डाच्या दाराच्या आत यादी चिकटवली. डॉक्टरांना समजावून सांगितलं की एक मेन बंद केल्याने सगळं बंद होत नाही. त्यांनी विचारलं, "मग एकच मीटर करून घेऊ का?" काका म्हणाले, अर्ज करा, होईल, पण तोवर ही यादी काढू नका. डॉक्टरांनी तिच्यावर लॅमिनेशन करून आणायचं कबूल केलं.

५ जुलै

साइट आवरली. जिप्समचे तुकडे गोणीत वेगळे, विटांच्या राड्यात मिसळले नाहीत. महापालिकेच्या डेब्रिजच्या सेवेला कळवायचं काम सेक्रेटरींनी स्वतःकडे घेतलं.

मशीन उघडून कार्बन ब्रश (मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) पाहिले. खुणेपर्यंत झिजायला अजून अवकाश आहे. बदलायचे तेव्हा दोन्ही एकदम, एकच नवा घातला तर दुसरा ठिणग्या पाडतो. पायाच्या प्लेटचा स्क्रू सैल झाला होता, आवळला. खोलीचं माप यावरच अवलंबून, त्यामुळे पुढच्या साइटवर पहिल्या कापाआधी हा स्क्रू बघायचा. कॉलेट साफ, नट हाताने सैल, बिट काढलेलं.

दोन्ही बॅटऱ्या अर्ध्याच्या आसपास चार्ज ठेवून पेटीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. त्यातली एक पहिल्यापासूनच लवकर उतरते, दुकानात दाखवायची आहे. खराब निघाली तर भंगारवाल्याला द्यायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत घ्यायची जबाबदारी उत्पादकाची, त्यामुळे दुकानदारालाच विचारायचं कुठे जमा करतात.

मागवायचं: ३.१८ मिमीची गुळगुळीत टोक असलेली बिटं एक पाकीट, एफएफपी२ मास्क, व्हॅक्यूमचा फिल्टर. पुढची साइट माटुंगा, तिथेही दोन खोल्या एक केलेल्या आहेत. काका मीटरखोली बघायला सोमवारी आधी जाणार, बोर्ड मंगळवारी.